जिवावर बेतलं होतं, मग गुन्हा कसा?

फौजदारी कायदा शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो. जीव वाचवायला केलं, तर कायदा माफ करणारच ना? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मी आधी उलट विचारते: ज्याला इजा झाली, त्याचा काय दोष होता?

कुणी चाकू घेऊन अंगावर आला आणि तुम्ही हाताला लागेल ते त्याच्या डोक्यात घातलंत, तर धोका त्यानेच आणलेला. हे स्वसंरक्षण. प्रतिकार धोक्याच्या मानाने हवा, हे खरं. पण घाबरलेल्या माणसाने त्या क्षणी मोजूनमापून वार करावा अशी अपेक्षा न्यायालयंही धरत नाहीत, आणि धरूही नये. मात्र चाकू टाकून तो पळत सुटला नि तुम्ही गाठून मारलंत, तर तो सूड झाला.

नाइलाजाचं प्रकरण वेगळं. आग गावभर पसरू नये म्हणून मधलं घर पाडलं, तर घरमालकाने कुणाचं काय वाकडं केलं होतं? तरी घर पाडणं मान्य होऊ शकतं. पण घराच्या जागी माणूस असेल तर?

१८८४ साली मिन्योनेट ही इंग्लिश यॉट भर समुद्रात बुडाली. उघड्या होडीत चौघे उरले: कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि सतरा वर्षांचा रिचर्ड पार्कर. जवळ सलगमाचे दोन डबे, मध्ये हाती लागलेलं एक कासव. पिण्याचं पाणी नाही. पोरगा समुद्राचं पाणी प्यायला आणि निपचित पडला. विसाव्या दिवसाच्या सुमारास डडलीने प्रार्थना केली आणि स्टीफन्सच्या संमतीने पोराच्या गळ्यावर सुरी चालवली. ब्रूक्सचा विरोध होता, पण खाल्लं तिघांनी. त्यानंतर चौथ्या दिवशी एका जहाजाने त्यांना उचललं.

न्यायालयाने डडली आणि स्टीफन्सला खुनी ठरवलं. फाशी सुनावली गेली, पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मला दोन्ही पटतं, निकालही आणि दयाही. उपासमारीने वेड्या झालेल्या माणसांची कीव येते, पण कुणाचा जीव स्वस्त हे ठरवायचा हक्क त्यांना कुणी दिला?

'तो तसाही मरणारच होता,' असं दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी म्हणतो. मग मी निकालपत्र उघडून वाचायला देते. चिठ्ठ्या टाकण्याचा विषय होडीत निघाला होता. ब्रूक्सने नकार दिला. पोराला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.