37 अंशांवर कोरी, 27 अंशांवर गुलाबी

विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तातून वाढवलेला साल्मोनेला टायफी अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्झाझोल या तिन्ही औषधांना दाद देत नव्हता. हा प्रतिकार प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनएवर असेल, तर कॉन्ज्युगेशनने (एका जिवाणूने दुसऱ्याला जोडून घेऊन डीएनए देणं) ई. कोलायच्या जे53 या अझाइड सहन करणाऱ्या स्ट्रेनमध्ये जायला हवा. दोनदा प्रयोग लावला, दोन्ही वेळा प्लेट कोरी. नेहमीचा कंट्रोल दाता (प्लास्मिड देणारा जिवाणू) मात्र त्याच 37 अंशांवर भरभरून कॉलनी देत होता. म्हणजे माध्यम ठीक होतं.

धुण्यातही कसर नव्हती. दात्याच्या ब्रॉथमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल असतं. ते सलाइनने दोनदा धुऊन काढलं नाही, तर उरलेलं औषध जे53लाच दाबतं आणि दोष प्लास्मिडच्या माथी येतो.

खोट तापमानात होती. टायफीत अशी औषधं एकगठ्ठा निकामी करणारे प्लास्मिड बहुतेकदा इंक-एचआय1 गटाचे, म्हणजे 180 किलोबेसच्या (1 लाख 80 हजार डीएनए अक्षरांच्या) आसपासचे असतात. त्यांची पिलस (दुसऱ्या जिवाणूला जोडणारा तंतू) आणि डीएनए नेणारी यंत्रणा 22 ते 30 अंशांवर चालते. 37 वर एच-एनएस नावाचं जिवाणूचं प्रथिन त्या यंत्रणेची जनुकं बंद ठेवतं. अंगातल्या तापापेक्षा टाकीतलं पाणी आणि सांडपाणी त्यांना सोयीचं.

तिसऱ्या वेळी ओडी (गढूळपणाचं माप) 0.5 चे दोन्ही जिवाणू प्रत्येकी 0.5 मिली मिसळून 0.45 मायक्रॉनच्या मेम्ब्रेनवर गाळले. अशा दोन मेम्ब्रेन औषध नसलेल्या आगरवर ठेवल्या: एक 37 अंशांवर, दुसरी बीओडी (गारही करू शकणाऱ्या) इनक्युबेटरमध्ये 27 वर, 18 तास. मग प्रत्येकी 1 मिली सलाइनमध्ये व्हॉर्टेक्स करून जोड्या सुट्या केल्या आणि त्यातलं 0.1 मिली मॅकॉन्की आगरवर (लॅक्टोज आंबवणाऱ्या कॉलनी त्यावर गुलाबी होतात) पसरलं. त्यात अझाइड 100 आणि क्लोरॅम्फेनिकॉल 30 मायक्रोग्रॅम प्रति मिली. अझाइड दात्याला रोखतं, क्लोरॅम्फेनिकॉल रिकाम्या जे53ला. (अझाइड बेसिनमध्ये ओतू नये, तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक क्षार साचतात.) या प्लेटी मात्र 37 वरच वाढवायच्या, वाढीला ते तापमान चालतं, अडतं ते हस्तांतर.

सकाळी 37 ची प्लेट पुन्हा कोरी. 27 च्या प्लेटवर 43 कॉलनी, कडा गोल, गडद गुलाबी. रंगच साक्ष देत होता: टायफी लॅक्टोज आंबवत नाही, त्याच्या कॉलनी फिक्या दिसतात, लॅक्टोज आंबवणारा, म्हणून गुलाबी, तो जे53. दाते मिलीला 20 कोटी होते, म्हणजे दर 10 लाख दात्यांमागे जेमतेम 2 हस्तांतरं.

पाच कॉलनी उचलून त्यांवर औषधांच्या डिस्क लावल्या. पाचही तिन्ही औषधांना प्रतिकारक निघाल्या.