दोन कार्डं, एक तक्ता आणि राहिलेला बूस्टर

माझा मुलगा 2020 च्या जूनमधला, जन्म सावंतवाडीचा. माहेर तिथलं, सासर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात. एरवी हा रस्ता म्हणजे काहीच नाही, पण त्या वर्षी करोनामुळे पत्रादेवीचा सीमेवरचा नाका बंद होता. चवथ आली नि गेली, मी बाळाला घेऊन माहेरीच. सप्टेंबरात सीमा उघडली तेव्हा घरी आलो. त्यामुळे त्याच्या सुरुवातीच्या लशी महाराष्ट्राच्या सरकारी माता-बाल कार्डावर आहेत आणि पुढच्या म्हापशाच्या एका खासगी डॉक्टरांच्या पुस्तिकेत.

यंदा शाळाप्रवेशाच्या वेळी दोन्हींच्या झेरॉक्स कचेरीत दिल्या. तिथल्या बाईंकडे एक छापील तक्ता होता. त्यावर बोट फिरवत त्यांनी माझ्या झेरॉक्सवर लाल पेनाने लिहिलं, 'पेंटा-3 नाही. एमआर नाही.' वर, "पूर्ण करून आणा हं." मी म्हटलं, "अहो, सगळ्या लशी झाल्यात त्याच्या." त्या म्हणाल्या, "मग दाखवा ना, कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं लिहिलेलं. निदान त्या अक्षरांत तरी नाही.

रात्री नवरा आणि मी दोन्ही कार्डं समोर घेऊन बसलो. सरकारी कार्ड बरंच सोपं निघालं. जन्मतः बीसीजी, ती क्षयावरची. तिचा वण अजून डाव्या दंडावर आहे. त्याच दिवशी ओपीव्ही, म्हणजे तोंडातले पोलिओचे थेंब, आणि हेपाटायटिस-बी. सहा आठवड्यांना पेंटा-1, जुलाबावरची रोटा-1, पुन्हा थेंब आणि एफआयपीव्ही-1, म्हणजे टोचायच्या पोलिओ लशीचा छोटा डोस. दहा आठवड्यांची ओळ भरलेली. चौदा आठवड्यांची कोरी.

आता पुस्तिका. सप्टेंबरातल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात एक आगगाडी होती: 'डीटीएपी-आयपीव्ही-एचआयबी-हेपबी, आयएम, एलटी'. शेवटची दोन सहज लागली: स्नायूत, डावी मांडी. त्याखाली 'पीसीएम एसओएस', म्हणजे ताप आलाच तर पॅरासिटामॉल. पण एचआयबी हे एचआयव्ही असं वाचून नवऱ्याच्या पोटात गोळा आला. शेवटच्या अक्षरावर मी बोट ठेवलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. एचआयबी किंवा हिब हा एक जिवाणू आहे, लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा. त्याच्या पूर्ण नावात इन्फ्लुएन्झा आहे, पण फ्लूशी त्याचा काही संबंध नाही. नावं ठेवणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केलेला दिसत नाही.

आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार ठरलेला असतो, त्या दिवशी मुलालाही बरोबर घेऊन गेले. सिस्टरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "पेंटा म्हणजे पाच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हेपाटायटिस-बी आणि हिब. आता ह्या ओळीत शोध बघू." डी घटसर्प, टी धनुर्वात, एपी डांग्या खोकला, मग हिब, मग हेपबी. पाचही होते, वर आयपीव्ही म्हणजे टोचायची पोलिओ लस. "मग तिसरा पेंटा हाच की! सहा रोगांवरची एकच सुई, बाहेर हिला हेक्सा म्हणतात." एमआरचंही तसंच. सरकारी लस गोवर आणि रुबेलावर. खासगीतली एमएमआर त्या दोन्हींवर आणि शिवाय गालगुंडावर. मुलाला नवव्या आणि सोळाव्या महिन्यात ती मिळाली होती. नऊ महिन्यांना एकच डोस घेऊन थांबलं तर काही मुलांत संरक्षण तयारच होत नाही, म्हणून दुसरा लागतो.

माझ्या मनात आणखी एक शंका होती. शेजारच्या छोटीच्या कार्डावर पीसीव्ही आहे, नऊ महिन्यांचा तिसरा एफआयपीव्ही आहे, आमच्या कार्डावर ह्या जागाच नाहीत. कारण साधं निघालं. न्यूमोकोकल जिवाणूवरची पीसीव्ही देशभर सरकारी कार्यक्रमात आली 2021 मध्ये, आणि एफआयपीव्हीचा तिसरा डोस जानेवारी 2023 पासून. कार्ड जुनं, तक्ता नवा.

मग सिस्टरांचं बोट पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर थांबलं. पाच वर्षं झाली, डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीचा, दुसरा बूस्टर बाकी. शाळेने ज्यावर लाल केलं ते झालेलं होतं, आणि जे खरंच घ्यायचं होतं त्यावर कुणी खूण केलेली नव्हती. सरकारी कार्यक्रमात डीपीटी सात वर्षांपर्यंतच देतात, म्हणजे वेळ होता, पण लांबवण्यात काय अर्थ! मी म्हटलं, आजच द्या.

कुपी काढल्यावर सिस्टरांनी ती मला दाखवली. लेबलवर एक वर्तुळ, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असला तर लस वापरायची. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, आणि वर्तुळाइतका झाला की कुपी बाद. मे महिन्यात इथे वीज कितीदा जाते ते आठवून मला ह्या चौकोनाचं फार कौतुक वाटलं. सुई डाव्या दंडात. "रडूं नाका रे बाबा," म्हणेपर्यंत टोचून झालंसुद्धा. रडं मात्र अर्धा तास तिथे बसवून ठेवलं तेव्हा आलं, कंटाळ्याने. रात्री ताप चढला, दंड सुजला. सरकारी डीपीटीत डांग्या खोकल्याचा संपूर्ण जिवाणू मारून घातलेला असतो, म्हणून त्रास एपीवाल्या सुईपेक्षा जास्त, हे आधीच सांगितलेलं होतं. पीसीएम वजनानुसार दिलं, दोन दिवसांत स्वारी अंगणात.

सासूबाईंना ह्या अक्षरांशी देणं-घेणं नाही. "डांग्या खोकल्याचं ना? दे बाई." त्यांनी तो वाड्यावर पाहिलेला आहे. पोर खोकून-खोकून निळं पडायचं आणि श्वास आत ओढताना कोंबड्यासारखा आवाज यायचा, असं त्या सांगतात. धनुर्वाताबद्दल सिस्टर म्हणाल्या ते मला नवीन होतं: तो माणसाकडून माणसाला लागत नाही, मातीतून जखमेत जातो. त्यामुळे बाकी सगळ्या गावाने लस घेतली म्हणून तुमचं मूल वाचलं, असं त्याच्या बाबतीत होत नाही.

सिस्टरांनी सरकारी कार्डाच्या कोऱ्या ओळीत 'हेक्सा, खासगी' आणि पुस्तिकेतली तारीख लिहिली, एमआरच्या दोन्ही चौकटींत एमएमआरच्या तारखा भरल्या, बूस्टर नोंदवला आणि मेडिकल ऑफिसरांची सही-शिक्का आणून दिला. शाळेत ते कार्ड एका नजरेत पास झालं.

तुमच्याकडेही असे दोन कागद असतील तर दोन्ही मूळ प्रती न्या, झेरॉक्सवर नोंद करत नाहीत. पुस्तिकेत लशीच्या कुपीचे स्टिकर लावलेले असले तर ते सोलू देऊ नका. सिस्टरांनी तारखेइतकाच त्यांच्यावर भरवसा ठेवला. आणि दरम्यान एखादा डोस हुकला असेल तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा. आमची पुढची सुई आता दहाव्या वर्षी, टीडी: धनुर्वात आणि घटसर्प. मग सोळाव्या वर्षी तीच पुन्हा.