तयार वाडा मिळेल

पुण्यात अलीकडे मिसळ खायची झाली, तर आधी एक वाडा ओलांडावा लागतो. शहराबाहेर जाणाऱ्या कोणत्याही मोठ्या रस्त्याला लागावे, म्हणजे दिंडी दरवाजा, पितळी कड्या, दारात तुळशीवृंदावन आणि आत गेल्यावर कोनाड्यांत मांडलेले तांब्या-पेले असा सगळा सरंजाम आपले स्वागत करतो. भिंतीच्या विटा प्लास्टरवर रंगवलेल्या असतात, खांब लाकडाचे दिसतात पण टिचकी मारल्यावर पोकळ वाजतात, आणि पाटीवर एखादे जुने साल मोठ्या अभिमानाने कोरलेले असते. हाच वाडा, याच कोनाड्यांसह, हिंजवडीलाही असतो आणि खराडीलाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांत एकासारखा दुसरा सापडत नसे. हॉटेलांच्या साखळीतल्या वाड्याचे सारे भांडवलच हे, की त्याच्यासारखे आणखी पुष्कळ आहेत.

ही करामत केवळ आपली आहे असे समजण्याचे कारण नाही. डब्लिनमधील आयरिश पब कंपनी १९९०च्या दशकापासून जगभर आयरिश पब उभारून देत आली आहे. गिऱ्हाइकाने ठरावीक शैलींपैकी एक निवडायची, म्हणजे व्हिक्टोरियन हवी की खेड्यातल्या घरासारखी ते सांगायचे, की लाकूडकाम आयर्लंडमध्ये घडून जहाजाने रवाना होते आणि कुठल्याशा परमुलखात शंभर वर्षांचा भासणारा पब उभा राहतो. अमेरिकेतील आउटबॅक स्टेकहाउस ही ऑस्ट्रेलियन थाटाची साखळी १९८८ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे निघाली, तेव्हा तिच्या संस्थापकांनी ऑस्ट्रेलियात पाऊलही टाकलेले नव्हते. त्या मानाने आपले मिसळवाले बरेच प्रामाणिक म्हणायचे. त्यांनी निदान शनिवारवाडा बाहेरून तरी पाहिलेला असतो.

मग खरे जुने म्हणजे काय, असा प्रश्न पडला की पुणेकराचे बोट डेक्कनवरच्या गुडलककडे जाते. १९३५ सालापासूनचे हे इराणी हॉटेल, आणि इराणी हॉटेलाचा नमुना आता इतका लोकप्रिय झाला आहे की त्याच्या नकला दिल्लीपासून लंडनपर्यंत चालतात. संगमरवरी पृष्ठभागाची टेबले, भिंतीवरचे आरसे, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आणि बरण्यांतली बिस्किटे एवढे जमवले, की झाले इराणी. पण यातली एकही वस्तू मुळात शोभेसाठी आलेली नव्हती. संगमरवर एका फडक्यात स्वच्छ होतो आणि लाकडासारखा सांडलेला चहा पीत नाही. आरशामुळे जागा मोठी दिसते, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता कोपऱ्यातले टेबलही दिसते. खुर्चीची गोष्ट तर फारच मजेची आहे. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ मध्ये काढलेल्या खुर्चीच्या वंशातली ती. वाफेवर लाकूड वाकवून, मोजक्या तुकड्यांत कारखान्यात तयार होणारी, आणि सुटे भाग करून रचल्यास एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावणारी. म्हणजे ज्या खुर्चीकडे पाहून आपण ‘आता अशा वस्तू होत नाहीत’ म्हणून हळहळतो, ती स्वतःच घाऊक उत्पादनाची आद्य देवता होती. ती घेतली गेली ती स्वस्त, हलकी आणि टिकाऊ म्हणून.

अमृततुल्याचेही तेच. रस्त्याला लागून उंच ओट्यावर मांडी घालून बसलेला चहावाला, समोर पितळी पातेले, शेजारी आले-वेलदोडे कुटायचा खलबत्ता आणि चहा गाळायचे कापड ही मांडणी सौंदर्यासाठी नव्हती. एका माणसाला न उठता चहा करता यावा, पैसे घेता यावेत आणि रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला हाकही मारता यावी, अशी ती सोय होती. आता अमृततुल्याच्या फ्रँचायझी गल्लोगल्ली निघाल्या आहेत. तिथेही पितळी भांडे दर्शनी ठेवलेले असते, आणि मसाला मुख्य कार्यालयातून पाकिटात येत असल्यामुळे खलबत्ता मात्र असला तरी कोरडाच असतो.

या दोन्ही परंपरा, ज्यांना आपण हक्काने पुणेरी म्हणतो, मुळात पुण्याच्या नव्हत्याच. इराणी हॉटेले काढणारे लोक, त्यांतले बरेचसे झरतुष्ट्री, इराणच्या याझ्द आणि केरमान भागांतून पोटासाठी इकडे आले. अमृततुल्ये चालवली ती मुख्यतः राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी. इडली-डोशाचा संसार उडुपीकडच्या मंडळींनी थाटला. खुद्द पदार्थांची वंशावळ काढायला बसलो तर अधिकच पंचाईत होते. मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीजांच्या कृपेने आला; आणि आजीच्या सोवळ्यात पिढ्यानपिढ्या बसणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. एकादशीला इतके परदेशी पाहुणे एका ताटात जमत असताना मिसळीच्या दुकानाने ‘अस्सल मराठमोळी’ ही अक्षरे एवढी मोठी का रंगवावीत, हे कळत नाही.

तेव्हा उपरेपणा हा काही नव्या वाड्यांचा दोष ठरत नाही, आणि नवेपणाही नाही. गुडलकदेखील कधीतरी नवेच होते. मला खटकते ते तिथल्या वस्तूंचे बेकार असणे. कंदिलात विजेचा दिवा, राहाटाखाली विहीर नाही, बैलगाडीला बैल नाहीत, जाते हात धुण्याच्या जागेशेजारी उभे करून ठेवलेले. काही ठिकाणी वस्तू खऱ्याही असतात, हे कबूल केले पाहिजे. पेठांतले वाडे पाडून इमारती उठत असताना त्यांचे दरवाजे, तुळया, घडवंच्या जुन्या बाजारात आल्या आणि तिथून कोणाकोणाच्या भिंतींवर गेल्या. पण खरी वस्तू भिंतीवर टांगली म्हणून भिंत खरी होत नाही. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातली भांडी मांडलेलीच आहेत, तरी तिथे फसवल्यासारखे वाटत नाही. कारण ती मांडणी सरळ सांगते, की या वस्तूंचे काम संपले आहे, आता त्यांच्याकडे नीट पाहा. हॉटेलातले जाते मात्र असा बहाणा करते, की आतल्या मिसळीचा मसाला आत्ताच कोणीतरी त्यावर दळला आहे.

प्रत्यक्षात तो मसाला मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येतो, आणि मला वाटते सारी गोम इथेच आहे. साखळी चालवायची तर प्रत्येक शाखेतला कट एकाच चवीचा हवा, आचारी सोडून गेला तरी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला हवे. म्हणून वजन करून पाकिटे भरली जातात आणि शाखेत फक्त पाणी घालून उकळी आणण्याचे काम उरते. व्यवहार म्हणून त्यात काहीच गैर नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरेही आहे. पण आजी ज्या दिवशी रागावलेली असे त्या दिवशी आमटी तिखट होत असे, आणि ही सोय पाकिटात भरता येत नाही. हाताचा फरक काढून टाकला की पदार्थाला गावही उरत नाही आणि माणूसही; मग ते गाव आणि ती आजी भिंतीवर रंगवावी लागते. पाकीट जितके एकसारखे, तितकी भिंत अधिक जुनी.

याउलट, बनाव उघड असेल तर तो मला आवडतोसुद्धा. २०१० मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या डिशूम या साखळीने मुंबईच्या इराणी हॉटेलांचा थाट उचलला, आणि तिची प्रत्येक शाखा एका काल्पनिक कथेवर बेतलेली असते. ती कथा रचलेली आहे हे ते स्वतःच सांगतात. नाटकाचा पडदा रंगवलेला आहे हे ठाऊक असूनही आपण रडतोच की. पाटीवरचे साल मात्र नाटक नव्हे, तो दावा असतो. आणि ज्या सालाची शपथ घ्यायची त्या साली त्या जागी उसाचा फड असेल, तर तो खोटा दावा असतो.

अर्थात खोटेही फार दिवस टिकले की त्याला जुनेपणाचे हक्क मिळतात, हेही खरे. अमेरिकेतील क्रॅकर बॅरल ही साखळी १९६९ मध्ये टेनेसीतील लेबनॉन या गावी निघाली. संस्थापक पेट्रोलच्या धंद्यातला होता आणि हमरस्त्यावर पेट्रोलचा खप वाढावा म्हणून त्याने जुन्या खेड्यातल्या किराणा दुकानाचा थाट उभा केला. बोधचिन्हातला, पिंपाला टेकून बसलेला म्हातारा तर १९७७ मध्ये अवतरला. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने त्या म्हाताऱ्याला काढले, तेव्हा आपला वारसा पुसला जातो आहे असा एवढा गहजब झाला, की आठवडाभरात त्याला परत आणावे लागले. रागावलेल्यांना हसण्यात अर्थ नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर तिथे खाल्लेले जेवण खरेच होते, भोवतीचे दुकान खोटे असले तरी. आज हिंजवडीच्या वाड्यात वाढदिवस साजरा करणारी मुले उद्या त्या पोकळ खांबांसाठी असाच मोर्चा काढतील, याची मला खात्री आहे.

परवा अशाच एका वाड्यात वाढायला आलेल्या मुलाने फेटा, बाराबंदी असा पोशाख केला होता. गाव विचारले, तर त्याने ओडिशातला गंजाम जिल्हा सांगितला. पुण्यातल्या हॉटेलांची खरी परंपरा एवढ्या एका गोष्टीत त्या वाड्याने पाळली होती, आणि नेमकी तीच फेट्याखाली झाकली होती. आमच्या टेबलावरच्या लहान मुलीने जात्याकडे बोट दाखवून ‘हे काय’ असे विचारले, तेव्हा कौतुकाने सांगायला आम्ही घसा साफ करीत होतो, तोवर त्यानेच खुंटा धरून वरचा दगड फिरवून दाखवायचा प्रयत्न केला. तो सिमेंटने खालच्या दगडाला पक्का चिकटवलेला होता. गावाकडे त्याची आई अजून यावर डाळ भरडते, असे त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले, आणि जादा पाव किती आणू म्हणून विचारले.