मंगल कार्यालयातला फुगा

“वधू-वरांची नावं?” मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने पावतीपुस्तकातून मान वर न काढता विचारलं.

“लग्न नाहीये. कापड पसरायचंय.”

“किती कापड?”

“हजार चौरस मीटरच्या वर असेल.”

आता त्याने मान वर केली. “मंडपवाले का तुम्ही?”

हो म्हटलं असतं तर भाडं कदाचित आणखी उतरलं असतं. पण मी खरं ते सांगितलं. मी हॉट एअर बलूनचा पायलट आहे. मावळात, कामशेतच्या बाजूला, नोव्हेंबर ते मे उडतो. पाऊस आला की दुकान बंद. “मग चार-पाच महिने करता काय?” हे विचारल्याशिवाय कुणी मला चहा पाजत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: कापड सांभाळतो. लोक हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करतोय.

आमच्या बलूनच्या पोटात सुमारे ३००० घनमीटर हवा मावते. कापड रिपस्टॉप, म्हणजे चीर पुढे वाढू न देणाऱ्या नायलॉनचं, हाताला छत्रीच्या कापडासारखं लागतं, वर लेप दिलेला. लेप गेला की कापडातून हवा झिरपते, मग तेवढंच वजन उचलायला जास्त गॅस जाळावा लागतो. सीझनच्या शेवटच्या सकाळी दवात भिजलेलं कापड तसंच पिशवीत कोंबलं तर जुलैपर्यंत आत बुरशीची नक्षी तयार. बरं, मावळातल्या जुलैत एवढं कापड पसरायला कोरडी, बंदिस्त, स्वच्छ फरशीची जागा आणायची कुठून? शाळांचे हॉल छोटे, गोडाऊनमध्ये उंदीर. शेवटी उरतं मंगल कार्यालय. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास, मुहूर्त नाहीत, हॉल रिकामा आणि भाडं निम्म्यावर.

ज्या दिवसाची गोष्ट सांगतोय तो रविवार होता आणि घरचे सगळे सोबत होते. त्यामागे अर्थात एक रद्द झालेली सहल होती. आमच्या घरात सहली मीच रद्द करतो. भंडारदऱ्याला निघायचं म्हणून डबे भरून झाले की मी गॅलरीत उभा राहून पश्चिमेकडे बघतो, आणि मुलगी चप्पल काढून ठेवते. “बाबांनी आकाश बघितलं,” एवढंच म्हणते. या वेळी मात्र बायकोने भरलेले डबे पुन्हा उघडले नाहीत. “तुझ्या हॉलवर येतो आम्ही. तिथे तरी पाऊस नाही ना?” असं म्हणून ती, मुलगी, बहिणीची दोन पोरं आणि आई असे सगळे गाडीत बसले. आईने पंजाबी ड्रेस घातला होता. तो बघून मी काही बोललो नाही.

त्या ड्रेसची गोष्ट मे महिन्यातली.

आईने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. आमचं शिक्षण त्या मशीनवर झालं. २००५ साली २६ नोव्हेंबरला विजयपत सिंघानिया गरम हवेच्या बलूनमधून मुंबईहून निघाले, २१ हजार मीटरच्या वर गेले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले. मी तेव्हा बारावीत होतो. पेपरातला तो फोटो मी वहीला चिकटवला आणि माझं पुढचं सगळं तिथून बिघडलं. आईने तो फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला होता आणि म्हणाली होती, “एवढं कापड शिवलं कुणी असेल?”

मी पायलट झाल्यावरही ती कधी बलूनमध्ये बसली नाही. “लोकांचे पैसे बुडवून मला कशाला फिरवतोस?” हे एक कारण, आणि गुडघे हे दुसरं. बास्केटला दार नसतं. बाजूच्या खोबणीत पाय रोवून काठावरून आत उतरायचं, साडी नेसून ते जमत नाही. या वर्षी मेमध्ये तिने आपण होऊन स्वतःसाठी पंजाबी ड्रेस शिवला. आयुष्यातला पहिला. फिकट निळा, बाह्या लांब, “वर गार असेल ना” म्हणून.

मेमध्ये दोन माणसांची जागा काढणं सोपं नसतं. बाहेरची आणि आतली हवा यांच्या तापमानात जितका फरक तितकी उचल. आत शंभर अंशांच्या आसपास ठेवायचं, त्याच्या फार वर जाता येत नाही, कापड भाजतं. डिसेंबरात बाहेर बारा अंश असतात, मेमध्ये पहाटेही पंचवीस-सत्तावीस. हिशेब केला तर आमच्या बलूनची उचल दीड-पावणेदोनशे किलोंनी कमी होते, म्हणजे सरळ दोन माणसं. तरी मी बुकिंग कमी घेऊन आई आणि बायकोपुरती जागा ठेवली. मुंबईचे दोन पाहुणे आणि आम्ही.

पहाटे साडेपाचला मैदानावर पान हलत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे हेलियमचा छोटा फुगा सोडला, त्याला आम्ही पायबॉल म्हणतो. खाली बारका दिवा बांधलेला असतो, तो बघत वरच्या वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. बलूनला सुकाणू नसतं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, आपण खालीवर होऊन हवा तो वारा पकडायचा, एवढीच काय ती चालकाची अक्कल. तर तो दिवा सरळ वर गेला, सहाशे-सातशे फुटांवर पोचला आणि कुणीतरी दोरी ओढल्यासारखा पूर्वेला सुटला. दुसरा सोडला. तोही तसाच. माझ्या अंदाजाने तिथे वीस नॉट होते, ताशी ३७ किलोमीटर.

अशा हवेत उडणं अजिबात अवघड नाही, हेच तर त्यातलं वाईट. जमिनीलगतच्या थंड हवेचा थर रात्रभर खाली बसून असतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरत जातो. ऊन पडलं, जमीन तापली की हा थर ढवळला जातो आणि तो वारा खाली उतरतो. नेमकं तेव्हाच आपल्यालाही उतरायचं असतं. पूर्वेला वडगाव-तळेगावची वस्ती, हायटेन्शनच्या तारा, रेल्वे, एक्सप्रेस वे. रिकामं शेत सापडलं तरी ताशी तीसने बास्केट टेकली की आडवी पडते आणि बांधांवरून फरपटत जाते. बलून जातोय त्या दिशेला पाठ, गुडघे वाकवून, दोऱ्यांच्या कड्या घट्ट धरून बसा, असं आम्ही प्रवाशांना शिकवतो. मी आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि रद्द म्हणून सांगितलं.

पाहुण्यांपैकी एकाने झाडाकडे बोट दाखवून विचारलं, “कुठे आहे वारा?” पैसे परत करतो म्हटल्यावरही तो तासभर तिथेच उभा होता, झाडाकडे बघत.

आणि वारा आलाच नाही. घाटाकडून पांढुरके ढग सरकत आले, त्यांनी ऊन अडवलं, जमीन तापली नाही, वरचा वारा वरच राहिला. साडेआठ वाजेपर्यंत मैदानावर धूळ उडाली नाही. आम्ही गाडीच्या टपाला ताडपत्री बांधून खाली पोहे खात बसलो होतो. आईने कागदाची बशी ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, “चांगली झाली की रे सकाळ.” यात टोमणा होता का, हे मला अजून कळलेलं नाही. चार दिवसांनी वळीव कोसळला, आमची गाडी शेतात रुतली आणि सीझन संपला.

रद्द केल्यावर वादळ आलं की पायलट हिरो होतो. लोक महिनाभर फोन करून आभार मानतात. रद्द करूनही हवा छान राहिली तर कुणाचा फोन येत नाही. आणि माझ्या अनुभवात असे दिवसच जास्त.

याची दुसरी बाजूही मी चाखली आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पैसे साठवून आम्ही तिघं तुर्कस्तानला, कापादोक्यातल्या गोरेमेला गेलो. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या बलूनगावात मला एकदा प्रवासी म्हणून उभं राहायचं होतं. तिथे उडायचं की नाही हे पायलट एकटा ठरवत नाही. विमान वाहतूक खात्याकडून हिरवा, पिवळा, लाल असा निर्णय येतो आणि लाल असला की सगळं गाव जमिनीवर. आमच्या तिन्ही सकाळी लाल. तिसऱ्या दिवशी मी हॉटेलच्या गच्चीवर उभा राहून बायकोला म्हणालो, “यात काय झालं होतं उडायला? झाड तरी हलतंय का?” ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतले बाहेर आले.

असो. हॉलवर या.

बलून कागदोपत्री विमानच असतं. भारतातल्या विमानांसारखी ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी, दरवर्षी तपासणी. अधिकृत तपासनीस दुसऱ्या दिवशी यायचा होता, त्याआधी आम्ही आमची तपासणी करून ठेवतो. पंख्याने हवा भरून कापड उभं करायचं आणि आत शिरून बघायचं. मैदानावर यासाठी पेट्रोलचा पंखा लागतो, पण बंद जागेत त्याचा धूर जीव घेईल. मग हॉलचे लग्नातले दोन जंबो कूलर पाणी काढून तोंडाशी लावले. पूर्ण फुगवायला हॉल पुरणार नव्हताच. दीड-दोन पुरुष उंचीएवढं कापड वर उचललं की थांबायचं, एक भाग बघून झाला की पुढचा.

चपला, पट्टे, बांगड्या बाहेर काढून सगळे आत शिरले. बाहेर हॅलोजन लावले होते. आमच्या बलूनला लाल आणि पिवळे पट्टे आहेत. पोरं लाल पट्ट्याखाली गेली की लाल व्हायची, आणि पिवळ्याखाली उभी बायको हळद लागल्यासारखी दिसत होती, तेही नेमकं मंगल कार्यालयात. क्रूमधल्या पोरांनी मंगलाष्टकं सुरू केली. मुलीने विचारलं, “बाबा, आपण पोटात आहोत का?” मी हो म्हटलं, आणि मग ती तिन्ही पोरं पुढचा तासभर पचत होती.

मी आणि क्रूमधला एक जण भोकं शोधत होतो. ठिणगीने पडलेली, बाभळीच्या काट्याने पडलेली, अंधारात टाचणीएवढा उजेड दिसला की तिथे चिकटपट्टी. माथ्याकडचं कापड सगळ्यात जास्त तापतं, ते चिमट्यात धरून ताणून बघायचं. पॅराशूट व्हॉल्व्ह म्हणजे माथ्यावरचं गोल झाकण, त्याच्या दोऱ्या. तोंडाजवळचं आग न धरणारं कापड. सात भोकं सापडली, सगळी किरकोळ.

आई प्लास्टिकची खुर्ची आत घेऊन बसली होती. मला वाटलं, दमली. जवळ गेलो तर डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचा अंगठा शिवणीवरून हळूहळू पुढे सरकत होता. खुर्ची हातभर सरकवायची, पुन्हा अंगठा. ब्लाउज गिऱ्हाइकाला देण्याआधी ती अशीच शिवण चाचपायची.

“इथे ये. टीप गेलीय.”

मला काहीच दिसलं नाही. उजेड कुठून येतच नव्हता. तिने माझा अंगठा धरून त्या जागी ठेवला. कापडाचे दोन पट्टे एकमेकांत दुमडून त्यावर दुहेरी टीप मारलेली असते, जीन्सच्या पॅन्टला असते तशी, आणि त्यावरून भार पेलणारी पट्टी. त्या पट्टीच्या कडेला चार बोटं लांबीत एका टिपेचा दोरा घासून तुटला होता. दुसरी टीप शाबूत, म्हणून भोक नाही, आणि भोक नाही म्हणून उजेड नाही. मी डोळ्यांनी शोधत होतो, त्यामुळे ते मला शंभर वर्षांतही सापडलं नसतं. आईने पर्समधून शिंप्याचा खडू काढला आणि तिथे फुली मारली. ती पर्समध्ये खडू अजून ठेवते हे मला माहीत नव्हतं.

“आणू का मशीन? पाच मिनिटांचं काम आहे.”

“आई, विमान आहे ते. दुरुस्ती अधिकृत माणसानेच करायची.”

“चाळीस वर्षं टिपा मारल्या. आता मला लायसन लागतं?”

“लागतं.”

तिने खडू पर्समध्ये टाकला. थोडा वेळ गेला. मग, “म्हणजे मेमध्ये हे असंच होतं?”

“असावं.”

“आणि आपण उडलो असतो तर?”

“काही झालं नसतं. दुसरी टीप धरून होती.”

“आणि त्या वाऱ्याने?”

“त्यानेही नसतं झालं. बघितलंस ना तू.”

“तेच म्हटलं,” ती म्हणाली आणि खुर्ची हातभर पुढे सरकवून पुन्हा डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत तिने हाताला येतील तेवढ्या सगळ्या शिवणी संपवल्या. कूलर बंद केल्यावर कापड सावकाश खाली यायला लागलं, पोरं किंचाळत बाहेर पळाली. आई खुर्चीतच बसून राहिली. लाल पट्टा तिच्या डोक्यावर पदरासारखा टेकला तेव्हा कुठे उठली.

तपासनिसाने दुसऱ्या दिवशी खडूची फुली पाहिली, अंगठा फिरवला आणि विचारलं, “हे कुणी शोधलं?” मी सांगितलं. त्याने वर पाहिलं, मग फॉर्ममध्ये जागा लिहून घेतली. शोधणाऱ्याच्या नावाचा रकाना त्यात नसतो.

कापड दुरुस्त होऊन ऑक्टोबरात परत आलं. बिल आलं तेव्हा आईने चार बोटांच्या टिपेची किंमत वाचली आणि कागद उलटा करून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. मग ती जागा शोधून काढायला लावली, चष्मा काढून ठेवला आणि अंगठा फिरवला.

“बरी आहे,” ती म्हणाली. “जरा तिरकी गेलीय.”