आमची वाटचाल : कॅरीबॅगेपासून मळीपर्यंत

२३ मार्च २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा मिरज एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये दीड टन कॅरीबॅगा पडून होत्या. चौदा वर्षांचा धंदा बसला. थोरली लेक तेव्हा मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करत होती. म्हणाली, "बाबा, जिवाणूंकडूनच प्लॅस्टिक करून घेऊ." मला थट्टा वाटली. पण बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूच्या पेशीत मॉरिस लेमोइन या फ्रेंच शास्त्रज्ञाला पीएचबी, म्हणजे जिवाणूंनीच बनवलेलं प्लॅस्टिक, सापडलं ते १९२६ साली, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये! साखर भरपूर आणि नायट्रोजन तोकडा ठेवला, की हे जीव पोटात पीएचबीचे दाणे साठवतात. आपल्या अंगावर चरबी चढते तसंच.

साखरेसाठी साखर कारखान्यातली पातळ, गोड मळी घेतली. पहिल्याच बॅचला रात्री अडीचला वॉचमनचा फोन, "मालक, टाकी उतू गेली." जाऊन पाहतो तर घोटाभर तपकिरी फेस. तेव्हापासून टाकीशेजारी शेंगतेलाची बाटली असते. थोडं सोडलं की फेस बसतो.

जिवाणू वाढवणं सोपंच म्हणायचं. जीव जातो तो त्यांच्या पोटातून माल काढताना. क्लोरोफॉर्मने माल स्वच्छ निघतो, पण पोरांच्या नाकाशी ते विष नको म्हणून सोडलं. हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, स्वस्त, पण जास्त वेळ ठेवलं की पेशीबरोबर प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्याही तोडतं. घड्याळ लावून उभं राहावं लागतं. पुढे मोल्डिंग. पीएचबी १७५ अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या जरा वर गेलं की करपायला लागतं. कॅरीबॅगांच्या पॉलिथिलीनवर हात बसलेल्या आमच्या ऑपरेटरने पहिला आठवडा नुसता उग्र वासच काढला.

ऊसरोपांचे कप एका नर्सरीला दिले. महिनाभराने नर्सरीवाले पिशवी घेऊन दारात. एक कप चिमटीत धरून दाबला, कट्‌कन तुकडे. "पापड आहे का हो हा?" पीएचबी थंड झाल्यावरही आतल्या आत स्फटिकत जातं, दिवसागणिक कडक होतं. हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. पैसे परत केले. मग जिवाणूंच्या खाण्यात प्रोपिऑनिक आम्ल घातलं. त्याने साखळीत व्हॅलरेट हा दुसरा घटक शिरतो आणि माल जरा लवचीक होतो.

किलोभर मालाला साधारण तीन किलो साखर लागते, म्हणजे सहाएक किलो मळी. पॉलिथिलीनच्या भावाशी बरोबरी नाहीच. आमचं गिऱ्हाईक वेगळं : कप रोपासकट मातीत जातो, तिथेच कुजतो, काढायची मजुरी वाचते.

त्याच नर्सरीवाल्यांनी यंदा पुन्हा कप घेतले. पैसे मात्र दिले ते कप महिनाभर दाबून बघितल्यावर.