ओढ्याकाठची टाचणी

आज पहाटेच ताम्हिणीतल्या ओढ्यावर पोहोचलो. ऊन वर यायच्या आत टाचण्या (चतुरासारखे, पण बारीक नाजूक किडे) गारठून गवतावर निपचित बसलेल्या असतात, तेवढाच वेळ आपला. चिखलात कोपरं टेकून मॅक्रो लेन्समधून पाहिलं, तर पिवळ्या शेपटीची एक टाचणी, पंख पाठीवर मिटलेले, डोळ्यांवर दवाचे थेंब. बहुतेक चतुरांचे डोळे एकमेकांना भिडलेले असतात, हिचे मात्र दूर दूर. मी जरा सरकलो की ती काडीमागे जायची आणि दोन्ही बाजूंनी फक्त डोळे दिसायचे!

ऊन तापल्यावर एक जोडी दिसली. नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान धरलेली, आणि ती पाण्यातल्या देठात एकेक अंडं रोवत होती. कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघत राहिलो. फोटो काढताना हलू नयेत म्हणून किडे पकडून फ्रीजमध्ये ठेवणं मला अजिबात पटत नाही. तीन तासांत एकच फोटो नीट आलाय, तो खाली देतोय.