लाल मिरची, पांढरी मिरची

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मित्राने त्याचा लायका एम १० मोनोक्रोम, म्हणजे फक्त काळेपांढरे फोटो काढणारा कॅमेरा, आठ दिवस माझ्याकडे ठेवला, म्हणाला वापर, फक्त पाडू नको. माझ्याकडे साधा एम १० आहे, सेकंडहँड घेतलेला, २४ मेगापिक्सेलचा, रंगीत. दोन वर्षं डोक्यात एकच किडा वळवळत होता की हा विकावा आणि नुसता काळापांढरा घ्यावा, म्हटलं चला आता एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. किंमत इथे लिहीत नाही, बायको ब्लॉग वाचते. एवढंच सांगतो की नवीन बॉडी आणि बरी लेन्स मिळून दारात ट्रॅक्टर उभा राहतो.

ज्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुठल्याही डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला तेवढं कळतं, म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या बारीक फिल्टरची जाळी बसवलेली असते, त्यात निम्मे हिरवे आणि लाल-निळे पाव-पाव. मग प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा एकच रंग मिळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरायचे. मोनोक्रोममध्ये ती जाळीच काढून टाकली. उजेड अडत नाही, शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही, फोटो जास्त कातीव येतो आणि अंधारात दाणे, म्हणजे फोटोभर उठणारे बारीक ठिपके, कमी दिसतात. लायकाने असा पहिला २०१२ मध्ये काढला, मित्राचा आहे तो २०२० चा, ४० मेगापिक्सेल. दिसायला दोन्ही सारखेच, फक्त मोनोक्रोमवर पुढचा लाल ठिपका, म्हणजे लायकाची ओळखखूण, नाही, म्हणजे इतके पैसे खर्च करून गावात कुणाला कळणारपण नाही.

मामाला दाखवला. त्याने दोन मिनिटं फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "इतला पैसा देईसन यामा रंगच नई का?"

रविवारी दोन्ही कॅमेरे गळ्यात घालून धुळ्याहून नंदुरबारला निघालो, दोंडाईच्याला चहा, आणि मग मिरचीच्या पथारीवर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगून पटणार नाही, गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर ओली लाल मिरची पसरून ठेवतात, नजर जाईल तिथपर्यंत लाल, आणि मध्ये बाया बसून निवडत असतात, तोंडाला पदर गुंडाळलेला, कारण ठसका असा लागतो की विचारू नका. मी पहिली पंधरा मिनिटं नुसता शिंकत होतो.

रंगीत कॅमेऱ्यात जे दिसलं तेच आलं, भडक. मोनोक्रोममध्ये मात्र माझा पोपट झाला. मिरची, तिच्याखालची माती आणि एका मावशीचं हिरवं लुगडं, तिन्ही एकाच राखाडी रंगाचे. स्क्रीनवर बघितलं तर वाटावं कुणीतरी गोवऱ्या वाळत घातल्यात. मग बॅगेतून मित्राचा लाल फिल्टर काढला, म्हणजे फक्त लाल उजेड आत सोडणारी काच, आणि लेन्सवर बसवला. तीनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो तो, पण आपल्याकडच्या दुपारच्या उन्हाला तीन स्टॉपचं काय कौतुक. फोटो काढला आणि मिरची झाली पांढरी! अक्षरशः ज्वारीची रास, आणि मावशीचं लुगडं काळंकुट्ट. मावशीला दाखवलं, ती हसायलाच लागली, म्हणाली आमच्या मिरच्या धुऊन टाकल्या का भाऊ?

आता खरी गोम इथे आहे. रंगीत फाइल घरी आणून कॉम्प्युटरवर काळीपांढरी केली तर लाल रंगाची पट्टी सरकवून मिरची हवी तेवढी पांढरी करता येते, हवी तेवढी काळी, रात्री दोन वाजता चहा पीत. मोनोक्रोममध्ये ते तिथेच उन्हात उभं राहून ठरवायचं, पिवळा लावू, नारिंगी लावू की लाल, आणि एकदा ठरलं की ठरलं, फाइलमध्ये रंग नाहीच तर सरकवणार काय. मला वाटलं होतं मला हे आवडेल. नाही आवडलं. फिल्टर बदलताना बोटांना मिरची लागली, त्याच बोटाने डोळा चोळला, आणि पुढचा अर्धा तास मला सगळी दुनियाच मोनोक्रोम.

आणि एक गोष्ट लोक फार सांगतात, की मोनोक्रोम घेतला की माणूस काळंपांढरं बघायला शिकतो. अरे बाबा, रेंजफाइंडर आहे हा, आपण बघतो वरच्या काचेच्या खिडकीतून, लेन्समधून नाही. खिडकीत जग रंगीतच दिसतं, लाल फिल्टर लावला तरी रंगीतच दिसतं, लेन्सची टोपी लावलेली राहिली तरी झक्कास दिसतं (हो, राहिली होती). वर लावायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे लेन्समधलं दाखवणारा छोटा पडदा, घेतला तर गोष्ट वेगळी, पण मग रेंजफाइंडर कशाला घ्यायचा.

एवढं बोलल्यावर वाटेल की मी मोनोक्रोमला मोडीत काढतोय. तर आता भरिताचं ऐका.

बुधवारी रात्री जळगावकडे मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी मोठी वांगी टाकलेली, दुसरा दिवा नाही, सगळे त्याच उजेडात बसलेले. ३५ एमएमची लेन्स एफ २ वर, आयएसओ १२५००, शटर एकसाठांश, थोडक्यात कमी उजेडासाठी कॅमेरा चांगलाच ताणलेला. रंगीत फाइल घरी उघडली तर नारिंगी चिखल. जाळाच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे निळे पिक्सेल उपाशी, तिथे नुसते दाणे, आणि लाल पिक्सेल आधीच भरून वाहतात. चेहऱ्यांना कावीळ झाल्यासारखं. मोनोक्रोमला त्याचं काहीच नाही, उजेड कुठल्या रंगाचा ते तो विचारतच नाही. मित्राची आई लाकडाच्या भांड्यात वांगी ठेचत होती, हाताला राख, मनगटापाशी वांग्याच्या सालीचा एक जळका तुकडा चिकटलेला, बांगडीच्या खाचेत अडकलेली राखसुद्धा दिसते त्या फोटोत. मी पाच मिनिटं स्क्रीनपुढे गप्प बसून होतो. फक्त जाळ स्वतः गेला पांढरा, सपाट. रंगीतमध्ये एखादा रंग उडाला तरी उरलेल्या दोघांवरून थोडं ओढून काढता येतं, इथे उडालं की उडालं, त्यामुळे उजेडाचं मोजमाप कायम उजळ भागावर करायचं, हे मला तिसऱ्या दिवशी कळायला हवं होतं, कळलं सहाव्या दिवशी.

तर असं आहे, रात्रीला तोड नाही. पण मी रात्री किती फोटो काढतो? वर्षातून चार भरीत पार्ट्या आणि एखादं लग्न. बाकी श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी, डिसेंबरात सारंगखेड्याच्या जत्रेतले घोडे, होळीच्या आधी सातपुड्यातला आदिवासींचा भोंगऱ्या बाजार. कानबाईचं सजवलेलं नारळाचं रूप मी राखाडी करून घरच्यांना दाखवलं तर मला रोटांचा प्रसाद मिळणार नाही. आणि आपल्याकडे काळापांढरा फोटो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच आठवड्यात घरी आजीचा काढला, फार सुंदर आला, सुरकुत्या न सुरकुत्या. तिने बघितला आणि मोबाइल परत माझ्या हातात दिला. "मी आजून जित्ती शे ना, हार कसाले घालस?"

मी हार वगैरे काही घातला नव्हता. पण मुद्दा कळला.

एम १० विकत नाही. त्यात जेपीजी, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो, काळापांढरा लावून ठेवलाय, स्क्रीनवर तसा दिसतो आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, रंग शाबूत राहतो, आजीला रंगीत, मला काळापांढरा. मित्राचा कॅमेरा त्याला परत केला, त्याने आधी पाडलाय का ते बघितलं आणि मग मिठी मारली.

लाल फिल्टर मात्र माझ्याच बॅगेत राहिला. परवा माझ्या रंगीत कॅमेऱ्याला लावून बघितला, तर चारातला एकच पिक्सेल कामाला, बाकी तीन बसून, आणि स्क्रीनवर सगळं लालच लाल. मित्राने अजून मागितला नाहीये.